चिंबोरीने नेलेला दोर

“ओढू नका! अवो, ओढू नका म्हनते ना! थांबा!”

बायको ओरडत होती. आमची ही एकदा ओरडली की आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट दिघीला न जाता मागे फिरते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मी काही फेरीबोट नव्हे. एक पाय डोलकाठीला रोवला, दोराचे दोन वेढे हाताला घेतले आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गंजलेले नट सोडवलेला माणूस मी. अडकलेली वस्तू ओढली की येते, यापलीकडे मला दुसरं तत्त्वज्ञान ठाऊक नाही.

आली. अशी आली की मी मागच्या मागे उडालो, हवेत एक कोलांटी घेतली आणि चिंबोऱ्यांच्या टोपलीवर जाऊन बसलो. कोलांटी घेतली नाही असं बायको म्हणते, पण तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. टोपलीत संध्याकाळच्या कालवणासाठी घेतलेल्या सात चिंबोऱ्या होत्या, खाडीतले खेकडे, जिवंत. सहा जणींच्या नांग्या बांधलेल्या होत्या. सातवी, बारकी, तिची दोरी कधी सुटली ते मला माहीत नव्हतं, पण सुटली आहे हे बसल्याबसल्या कळलं.

“तुटला,” मी उठत, पँट झाडत म्हणालो.

“दिसतंय,” बायको म्हणाली.

बोटीच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत, कानांवर माकडटोपी ओढून माझे सासरे बसले होते. तोंड खाडीकडे होतं. पाणी उतरायला लागलं होतं.

बोट कागदावर मुंबईच्या एका डॉक्टरांची आणि पाण्यावर माझी. ते वर्षातून दोनदा येतात. उरलेलं वर्ष मी तिचं इंजिन बघतो, तिला धुतो, पुसतो आणि गावाकडे पाहुणे आले की फोटो दाखवून ‘आमची बोट’ म्हणतो. मी माणगावकडचा. आमच्या सात पिढ्यांनी पाणी पाहिलं ते भाताच्या खाचरात, घोट्याएवढं. बायको मात्र इथल्याच कोळीवाड्यातली, आणि तिचे वडील शिडाच्या मचव्यावरचे तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचे म्होरके. मचव्यांना इंजिनं बसली तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याने पेढे वाटले आणि मामा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला लग्नाच्या बोलणीत एकदा बघून “चालंल” म्हणाले होते. पस्तीस वर्षांत त्यांनी केलेलं माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

आता मामा ब्याऐंशीचे. डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. पाय तर बोलावले तरी येत नाहीत. रविवारी सकाळी माझा मेहुणा त्यांना मुंबईला न्यायला येणार होता. कायमचं. नवव्या मजल्यावर. मामा त्यावर फक्त एवढंच म्हणाले, “जायच्या आदी येक डाव शिडावर न्या मला. इंजिन नको.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. जन्मात कुठल्याच गोष्टीला नाही न म्हणालेला मी म्हणालो, “हात्तिच्या! एवढंच ना? शनिवारी.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “खुशाल न्या, पण आधी मोठ्या शिडाचा दोर बदला. झिजलाय. नवा पाठवतो.” तो नवा दोर शुक्रवारी संध्याकाळी एसटीच्या पार्सलने आला आणि शनिवारी सकाळी, ओहोटी लागायच्या वेळेला, मी तो बदलायला घेतला.

हा दोर म्हणजे काय, ते सांगतो. या बोटीचं मोठं शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळलेलं असतं, खिडकीच्या पडद्यासारखं. डोलकाठीला एक आडवी, पोकळ नळी जोडलेली असते, चांगली चौदा फुटी. तिला डॉक्टर बूम म्हणतात. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला एक दोर बांधलेला असतो. तो बूमच्या बाहेरच्या टोकाला जातो, तिथल्या कप्पीवरून वळतो, नळीच्या पोटातून डोलकाठीपर्यंत येतो आणि तिथून आपल्या हातात. हा ओढला की शीड कान धरून शाळेत नेलेल्या पोरासारखं बाहेर येतं. सैल सोडला आणि दुसरी दोरी ओढली की गुपचूप आत जातं. डॉक्टर त्याला आउटहॉल म्हणतात. तो नसेल तर शीड डोलकाठीच्या पोटात आणि आपण जेट्टीवर.

बदलायची रीत सोपी. नव्या दोराचं टोक जुन्याच्या शेपटीला लावायचं आणि जुना ओढायचा. त्याच्या मागोमाग नवा नळीतून आपोआप येतो. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, “टोकाला टोक लावून शिवून घ्या. गाठ मारू नका.” फोन स्पीकरवर होता. बायकोने ऐकलं. मीही ऐकलं. पण शिवणं म्हणजे बायकांचं काम, आणि गाठ म्हणाल तर आमच्या घराण्याची गाठ आहे.

ती भाताच्या भाऱ्याची. जेवढा भार, तेवढी घट्ट. माझ्या वडिलांनी बांधलेला एक भारा डोंगरावरून घसरला, तीन वाड्या ओलांडून नदीत पडला, पावसाळाभर वाहिला आणि दिवाळीत सापडला तेव्हा आतलं भात कोरडं होतं. गाठ काही सुटेना. शेवटी तो भारा दोरासकट म्हशीला घातला. म्हैस पुढे चार वर्षं दोरीशिवाय उभी राहायची, म्हणे.

तीच गाठ मी मारली. झाली मुठीएवढी. कप्पीची फट बोटाएवढी. आणि मग मी ओढलं. तरी एक लक्षात घ्या: गाठ सुटली नाही. तुटला तो जुना दोर, गाठीच्या अगदी मुळाशी. जुना सगळा माझ्या हातात आला, नवा बूमच्या बाहेर लोंबत राहिला आणि मधली चौदा फूट नळी रिकामी. ती गाठ अजून माझ्याकडे आहे, घरी खिळ्याला टांगलेली. कुणी यावं, सोडवून दाखवावं.

बूमच्या बाहेरच्या टोकाचं झाकण कप्पीसकट मी चार स्क्रू काढून उतरवलं. हे मात्र मला येतं. आत डोळा लावला. काळोख. एसटीतून आणलेली क्लचची केबल घातली. ती मधल्या कुठल्याशा कप्पीत घुसली आणि मोठ्या मुश्किलीने परत आली. बांबू घातला; तो नऊ फुटांवर संपला. डोलकाठीच्या बाजूने हात घालायला पंजाएवढी एक खाच होती, तिच्यातून बायकोने हात घातला तर कोपरापर्यंत ग्रीस.

“तुमाला सांगितलं व्हतं शिवा म्हनून.”

“अगं, गाठ सुटली का?”

“गाठीला काय करू, केसांत माळू?”

पाणी उतरत होतं. दहाच्या पुढे बोट हलली नसती. आमच्या जागी ओहोटीला इतका चिखल होतो की बगळे गुडघ्यापर्यंत रुततात. घाम पुसत मी मामांजवळ गेलो आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात बोललो. “मामा, आज इंजिनवर जाऊन येऊ या का? किल्ल्याला वळसा घालून. शीड काय, पुढच्या वेळी...”

पुढची वेळ नव्हती. हे मला, त्यांना, बायकोला, टोपलीतल्या चिंबोऱ्यांनाही ठाऊक होतं.

“मंग घरीच ने,” मामा म्हणाले.

बायकोने तोंड फिरवलं. ती कशीही ओरडली तरी मला चालतं. तोंड फिरवलेलं मात्र चालत नाही. मी तसाच उभा राहिलो, हातात चौदा फूट जुना दोर घेऊन.

“चिंबोरी हाय ना?” मामांनी विचारलं.

मला वाटलं म्हाताऱ्याला भूक लागली. “आहे ना मामा. संध्याकाळी कालवण...”

“बारकी बग. नांगी सुटलेली.”

“ती मला ओळखते,” मी म्हणालो.

“तंगूस बांद तिच्या पाटीवरनं. काळोख दिसला का शिरंल ती आत.”

बायको वळली. तिच्या लक्षात क्षणात आलं. माझ्याही मनात ती कल्पना तशी घोळतच होती, पण वडीलधाऱ्यांच्या आधी बोलू नये असं आमच्याकडे शिकवतात. तिने पिशवीतून तंगुसाचं रीळ काढलं, मासे पकडायचा तो बारीक नायलॉनचा धागा, आणि चिंबोरीला दोन बोटांत मागून अशी धरली की ती बिचारी हवेत पोहत राहिली. पाठीवरून एक वेढा, पोटाखालून एक, पाय मोकळे. मी वरची दोरी ओढून बूमचं बाहेरचं टोक उंच केलं, म्हणजे आतून डोलकाठीकडे उतार झाला. डोलकाठीच्या बाजूच्या खाचेशी बायकोने सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला. आणि बाई शिरल्या.

तंगूस माझ्या बोटांतून सरकायला लागला. टक टक टक टक, नळीत तिच्या पायांचा आवाज, जणू कुणी हेडक्लार्क टाइप करत होता. एक हात. दोन हात. मी इतका आनंदलो की तोल जाऊन पाण्यात पडणार होतो. तिसऱ्या हातावर तंगूस थांबला.

थांबला तो थांबलाच. मी रीळ हलवून पाहिलं. नळीवर टिचक्या मारल्या. शेवटी नळीला तोंड लावून तिला डेपोत चालतात ते चार शब्द सुनावले.

“बा बसलाय हितं!” बायको म्हणाली.

“मग काय करू? पाया पडू तिच्या?”

“पानी वत मागनं,” मामा म्हणाले. “खारं.”

मी बालदी खाडीत बुडवली आणि उंच टोकाकडून नळीत ओतली. पहिली बालदी: काही नाही. दुसरी: नळीत खळखळ झाली. तिसरी बालदी अर्धी झाली आणि डोलकाठीकडून बायकोची किंकाळी आली. ही किंकाळी वेगळी होती. खाचेतून भसकन पाणी आलं आणि पाण्याबरोबर, नांगीत बोंबील घट्ट धरून, चिंबोरी तिच्या ओंजळीत.

मी नाचलो. बोट हलली, खुर्ची हलली, मामांनी कडेचा दांडा धरला. “नाचू नको,” ते म्हणाले.

पुढचं बायकोने केलं. तंगुसाला जाळ्याची सुतळी बांधली, सुतळी ओढून घेतली. मग माझी गाठ कापून बाजूला काढली आणि नव्या दोराचं टोक तिने सुतळीला शिवलं, जाळं विणायच्या सुईने, वर दोऱ्याचे वेढे देत, असं की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. झाकण बसवायच्या आधीच सुतळी कप्पीवरून घेतली होती. तिने डोलकाठीकडून हलक्या हाताने ओढलं आणि मी बाहेरच्या टोकाशी बघत राहिलो. जोड कप्पीच्या फटीशी आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो आत गेलेला होता, नुसता गेला, साप बिळात जावा तसा, आणि पलीकडे तिच्या हातात निघाला. दोराचं दुसरं टोक तिने शिडाच्या कोपऱ्याला बांधलं.

“सोड तिला,” मामा म्हणाले. “काम केलंन तिनं.”

बायकोने चिंबोरीच्या पाठीचा तंगूस कापला आणि तिला अलगद पाण्यात सोडलं. बाकीच्या सहा जणींनी काही काम केलं नव्हतं, त्यामुळे त्या टोपलीतच राहिल्या.

पाणी बोटीखाली जेमतेम कमरेएवढं उरलं होतं तेव्हा आम्ही सुटलो. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येत होता. मी दोर ओढला आणि शीड डोलकाठीच्या पोटातून बाहेर यायला लागलं. पांढरं, हात हात करत. सगळं ताणून बसल्यावर दोराचं हातातलं टोक मी बाजूच्या लोखंडी खुंटीला बांधलं. कसं बांधलं ते विचारू नका. घराण्याची एकच गाठ आहे. बायकोने पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की तिला पटलं, असं मी पस्तीस वर्षं समजत आलोय.

मामांनी सुकाणूचा दांडा मागितला. मी म्हणालो, दिसत नाही हो तुम्हाला. ते म्हणाले, “टोपी काढ माझी.” बायकोने माकडटोपी काढली. पांढरे, विरळ केस उभे राहिले. त्यांनी मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली, दोन्ही कानांवर वारा सारखा लागेपर्यंत. मग दांडा हातात घेतला. आणि ती बोट, जी माझ्या हातात नेहमी दारू प्यायलेल्या बैलासारखी चालते, सरळ झाली. इंजिन बंद. फक्त पाणी बोटीच्या अंगाला घासून जात होतं. मी पण गप्प होतो, यावर माझा भाऊ अजून विश्वास ठेवत नाही.

खाडीच्या तोंडावरचा किल्ला मागे पडला, उघडा समुद्र आला. दुपारी वारा पडला, आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, आणि मग खारा वारा सुरू झाला, समुद्राकडून. घरी परतायला हवा तोच. आधी चांगला होता. मग वाढला. किती वाढला? कावळे उलटे उडत होते. बायकोच्या हातातली भाकरी दिघीला पोहोचली. बोट एका कुशीवर कलंडली आणि मामांची प्लास्टिकची खुर्ची सरकायला लागली. बायकोने एक पाय खुर्चीच्या पायात अडकवला, एक हात बापाच्या कमरेभोवती टाकला.

“शीड कमी कर,” मामा म्हणाले. दांडा त्यांनी सोडला नव्हता.

शीड कमी करायचं म्हणजे तो दोर सैल सोडायचा. दोर सैल सोडायचा म्हणजे खुंटीवरची गाठ सोडायची. आणि ती गाठ माझी होती.

खरं सांगतो, या एका ठिकाणी मी काही वाढवत नाही. वडिलांच्या गाठी सुटत नाहीत हे मी गावभर सांगत आलो, आणि आता ते खरं निघणार होतं. दोर तारेसारखा ताणलेला. चाकू खाली, डब्यात. म्हातारा खुर्चीत, बायकोच्या एका पायावर अडकलेला. उद्या त्यांना नवव्या मजल्यावर जायचंय आणि मी त्यांना आज इथेच... मी खुंटीकडे झेपावलो, डोळे मिटून शेपूट धरलं आणि ओढलं.

सुटली. लोण्यातून सुरी जावी तशी. दोर सरसरत सुटला, मी दुसरी दोरी ओढली, शीड अर्धं डोलकाठीत गेलं, बोट सरळ उभी राहिली आणि खुर्चीचे चारही पाय खाली टेकले. मी तिथेच फतकल मारून बसलो. हसायला येत होतं की रडायला ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं. बायकोने बापाच्या कमरेवरचा हात काढला आणि त्याच हाताने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. हलकी.

“बघितलंस?” मी म्हणालो. “एका झटक्यात!”

मग मी खुंटीकडे पाहिलं. तिथे माझ्या गाठीचा मागमूस नव्हता. दोन वेढे, वर एक सैलसा फास, ओढायला शेपूट बाहेर. कोळीवाड्यातली.

“ही कधी बदललीस?”

“तुमी मारलीत तवाच.”

मी मान हलवली. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण ते मी जेट्टीसाठी राखून ठेवलं.

भरतीच्या पाण्याबरोबर, अर्ध्या शिडावर, आम्ही खाडीत शिरलो. मामांनी बोट जेट्टीला लावली ती इतकी हळू की खाली बसलेला बगळा उठला नाही. सकाळी ज्या चौघांनी मामांना खुर्चीसकट उतरवलं होतं, ते जेट्टीवर थांबलेच होते. त्यांनी खुर्ची वर घेईपर्यंत मी त्यांना सगळं सांगून टाकलं: लाटा दोन माणसं उंच, वारा असा की डोलकाठी धनुष्यासारखी वाकली, मी एका हाताने सासरे धरले, दुसऱ्या हाताने शीड, आणि दाताने गाठ सोडली. बायको टोपली उचलून पुढे निघून गेली होती, म्हणून दातही आले.

चौघांपैकी एकाने, तोही कोळीवाड्यातलाच, खुर्ची जेट्टीवर टेकवली आणि वाकून विचारलं, “तांडेल, तुमचा जावई म्हनतो वादळ लागलं व्हतं. खरं का?”

मामांनी मांडीवरची माकडटोपी उचलली, दोन्ही कानांवर नीट ओढून घेतली.

“वारा न्हवता,” ते म्हणाले. “दोर बरा लावलाय.”